पर्मनंट आयलायनर: पहिल्यांदा करून घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पर्मनंट आयलायनर म्हणजे पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक सुईने त्वचेच्या आत रंगद्रव्य भरणे. ही गोंदण्याचीच एक नाजूक जात आहे. १९८० च्या दशकात नेत्रशल्यचिकित्सकांनी ती वैद्यकीय नियतकालिकांतून मांडली, तेव्हा पापण्यांचे केस विरळ असलेले किंवा प्रसाधनांची ॲलर्जी असलेले रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आज बहुतेक लोक ही प्रक्रिया सोयीसाठी करून घेतात: रोज लायनर लावण्याचा वेळ वाचतो, घामाने तो पसरत नाही आणि ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना चष्म्याशिवाय जवळचे दिसत नाही, त्यांची मोठी अडचण दूर होते.

नावातील 'पर्मनंट' या शब्दामुळे मात्र दोन उलट्या दिशांचे गैरसमज होतात. काहींना वाटते, की ही रेघ जन्मभर जशीच्या तशी राहील, तर काहींना विक्रेत्यांच्या सांगण्यावरून वाटते, की ती दोनतीन वर्षांत पूर्ण पुसली जाईल. प्रत्यक्षात रंग साधारण एक ते पाच वर्षांत फिका होत जातो. पण त्याचा काही अंश बहुतेकांच्या त्वचेत कायमचा राहतो. म्हणून निर्णय घेताना ही रेघ पुसता येणार नाही असे धरून चालावे आणि देखभाल ठरवताना ती फिकी होणार आहे हे लक्षात ठेवावे.

पापणीची त्वचा वेगळी का

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. रंग टिकायचा असेल, तर तो बाह्यत्वचेच्या लगेच खालच्या थरात बसावा लागतो. तो वरच राहिला, तर खपलीबरोबर निघून जातो. खोल गेला, तर काळा रंग निळसर दिसू लागतो आणि आजूबाजूला पसरतो. पापणीखाली चरबीचा जाड थर नसतो आणि तिथली ऊती सैल असते, त्यामुळे पसरण्याला फारसा अडथळा राहत नाही. दंडावरच्या गोंदणात जी चूक खपून जाते, ती इथे आरशात रोज दिसते. याच कारणाने शरीरावर गोंदण्याची शाई पापणीवर वापरू नये. या कामासाठी वेगळी रंगद्रव्ये मिळतात.

ही रंगद्रव्ये मुख्यतः लोहाचे ऑक्साइड, कार्बन ब्लॅक किंवा दोन्हींच्या मिश्रणातून बनतात. लोहाच्या ऑक्साइडचा रंग मऊ दिसतो, पण फिका होताना तांबूस छटा देऊ शकतो. कार्बन जास्त काळा आणि जास्त टिकाऊ असतो. मात्र तो खोल गेला किंवा सरकला, की राखाडी-निळा दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि पर्मनंट मेकअपच्या रंगांतील हजारो रसायनांवर निर्बंध लागू आहेत. त्यामुळे 'मान्यताप्राप्त रंग' असे कोणी सांगितले, तर कोणाची मान्यता, असे जरूर विचारावे.

कोणी थांबावे

गर्भवती स्त्रिया आणि स्तनपान करणाऱ्या माता यांनी ही प्रक्रिया पुढे ढकलावी. रांजणवाडी, डोळे येणे, पापण्यांच्या कडांना सूज किंवा कोंडा यांपैकी काहीही चालू असेल, तर ते पूर्ण बरे होईपर्यंत थांबावे. डोळ्यांच्या आसपास नागीण होऊन गेलेली असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, जखमेच्या जागी जाड वण उठण्याची प्रवृत्ती असेल, काचबिंदू असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आधी संबंधित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त पातळ करणारे औषध या सौंदर्योपचारासाठी स्वतःच्या मनाने बंद करणे हा निव्वळ अविचार आहे. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांना औषध संपल्यावर सहा महिने ते एक वर्ष थांबायला सांगतात. चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया, मोतीबिंदूची किंवा पापणीची शस्त्रक्रिया झालेली असल्यास किती महिने थांबायचे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावे.

डोळे कोरडे पडण्याचा त्रास असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या आतल्या बाजूस, मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडे एका रांगेत असतात. वरच्या पापणीत अशा ग्रंथी साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत त्याहून काही कमी. त्यांतून येणारा तेलकट थर अश्रूंवर पसरतो आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. सुई या तोंडांजवळ गेली किंवा रंग तिथवर सरकला, तर ग्रंथींचे नुकसान होऊ शकते, आणि पापणीवर गोंदण केलेल्यांमध्ये अश्रूंचा थर लवकर तुटत असल्याचे नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहे. ज्यांचे डोळे आधीच चुरचुरतात, त्यांनी प्रथम नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. 'वॉटरलाइनवर', म्हणजे काजळ भरतो त्या ओलसर आतल्या कडेवर रंग भरून देण्याची तयारी जो आर्टिस्ट दाखवतो, त्याच्याकडून काहीच करून घेऊ नये.

रेघ कोणती निवडावी

सर्वांत सौम्य प्रकारात पापणीच्या केसांच्या मधल्या जागेत ठिपक्याठिपक्यांनी रंग भरतात. वेगळी रेघ दिसत नाही; केस दाट असल्याचा भास होतो आणि डोळा उठून दिसतो. त्यापुढचा प्रकार म्हणजे केसांच्या लगत वरच्या बाजूने काढलेली बारीक रेघ. मग जाड रेघ, वरच्या दिशेने विरत जाणारी धूसर छटा, आणि शेवटी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून उचललेली शेपूट, जिला सगळे 'विंग' म्हणतात.

पहिल्यांदा करून घेणाऱ्याने पहिल्या दोन प्रकारांपलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बारीक रेघ पुढच्या भेटीत जाड करता येते. जाड झालेली बारीक करता येत नाही. रोजचा साधा लायनर बारीक रेघेवरून हवा तेव्हा लावता येतो आणि रात्री पुसता येतो, तेव्हा समारंभाची नटवी शेपूट रोजच्या चेहऱ्यावर कायमची कोरण्याची गरज सहसा नसते. शिवाय बाहेरच्या कोपऱ्याची त्वचा सर्वांत सैल असते, रंग सरकण्याच्या तक्रारी तिथेच जास्त येतात आणि वय वाढले, पापणी ओघळली, की वर उचललेली शेपूट खाली वाकते. चाळिशीपुढच्या आणि पापणीवर त्वचेची घडी येणाऱ्या व्यक्तींनी तर विंगचा विचारच सोडावा.

खालच्या पापणीबाबतही हात आखडता ठेवावा. खाली सलग गडद रेघ काढली, की डोळा लहान आणि थकलेला दिसतो. फारच हवे असेल, तर बाहेरच्या अर्ध्या भागात फिकट ठिपके पुरतात, आणि तेही वरच्या पापणीचे काम बरे झाल्यानंतर वेगळ्या भेटीत करावे.

आवडलेली रेघ आधी साध्या पेन्सिलने आठवडाभर रोज काढून पाहावी. कामाच्या ठिकाणी, चष्मा लावून, फोटोत आणि बाकी कोणताही मेकअप नसताना ती कशी दिसते, हे पाहावे. आठवड्याच्या शेवटी कंटाळा आला, तर प्रश्न तिथेच सुटला.

आर्टिस्ट कसा पारखावा

झगमगते फोटो पाहून निवड करू नये, कारण काम संपल्या क्षणी काढलेल्या फोटोत प्रत्येक रेघ ठसठशीत आणि कडा धारदार दिसतात. मागायचे ते फोटो बरे झालेल्या कामाचे: किमान दोन महिन्यांनंतरचे, आणि शक्य असल्यास एकदोन वर्षांनंतरचेही. त्यांत रेघेची कड स्वच्छ आहे का, बाहेरच्या कोपऱ्यात निळसर ढग दिसतो का, दोन्ही डोळे जुळतात का, हे फोटो मोठा करून पाहावे. भुवयांचे काम उत्तम करणारा प्रत्येकजण पापणीवर तितकाच सराईत असतो असे नाही. पापण्यांची किती कामे केली आहेत, हे स्वतंत्रपणे विचारावे. ज्या भागात या व्यवसायासाठी परवाना किंवा नोंदणी लागते, तिथे ती पाहण्यात संकोच करू नये.

पुढचे प्रश्न स्वच्छतेचे. सुई किंवा सुईचे कार्ट्रिज एकदाच वापरायचे, बंद पाकिटातले असावे आणि ते पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले जावे. त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि वापराची अंतिम तारीख असते, ती वाचायला मागावी. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या, एकदाच वापरायच्या कपात काढलेला असावा आणि उरलेला कप टाकून द्यावा. मशीन व तिची वायर प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेली, हातमोजे नवे, आणि वापरलेल्या सुयांसाठी टणक डबा जवळ असावा. काम चालू असताना आर्टिस्टने हातमोजे घालूनच मोबाइल उचलला आणि तसाच हात पुन्हा पापणीकडे आणला, तर काम थांबवून मोजे बदलायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अस्वच्छ सुईतून कावीळ ब आणि क यांसारखे रक्तातून पसरणारे आजार होऊ शकतात, त्यामुळे इथे भिडेला जागा नाही.

भूल कशाने देणार, हा प्रश्न बहुतेकजण विचारत नाहीत. तो मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे मिश्रण असलेली काही प्रचलित नंबिंग क्रीम अल्कधर्मी असतात, आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, रासायनिक इजा होते. भूल चढलेली असल्याने जळजळही वेळेवर जाणवत नाही, हा त्यातला खरा धोका. पापणीजवळ वापरायला योग्य असे उत्पादन आहे का, ते अगदी थोडे लावले जाते का आणि पुसताना ते डोळ्यापासून दूर पुसले जाते का, हे विचारून घ्यावे. लेबल नसलेल्या डबीतील, 'घरी बनवलेली' किंवा 'जास्त स्ट्राँग' क्रीम सरळ नाकारावी.

आधीचे काही आठवडे

पॅच टेस्ट टाळू नये. कानामागे रंगाचा आणि भुलीच्या क्रीमचा अगदी छोटा नमुना लावून किंवा टोचून किमान एकदोन दिवस वाट पाहतात. चाचणीत काही झाले नाही म्हणजे कधीच काही होणार नाही, अशी खात्री मात्र मिळत नाही. रंगाची ॲलर्जी काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्भवू शकते.

पापण्यांचे केस वाढवणारे सीरम काही आठवडे आधी बंद करावे, कारण त्यांतल्या काही प्रकारांमुळे त्या जागेचा रक्तप्रवाह वाढतो आणि काम करताना रक्त जास्त येऊन रंग नीट धरत नाही. लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापण्यांना चिकटवलेले कृत्रिम केस, आधी काढून घ्यावे लागतात. रेटिनॉल आणि आम्लयुक्त क्रीम डोळ्यांच्या आसपास लावणे आठवडाभर आधी थांबवावे. आदल्या दिवशी मद्य आणि त्या दिवशी कडक चहा-कॉफी टाळावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर चष्मा बरोबर न्यावा आणि घरी पोहोचवायला कोणीतरी असावे. काम झाल्यावर डोळे पाणावलेले व सुजलेले असतात, तेव्हा स्वतः वाहन चालवणे योग्य नाही. समारंभ, प्रवास किंवा पोहण्याची सुट्टी दोन आठवड्यांच्या आत असेल, तर तारीखच बदलावी.

प्रत्यक्ष प्रक्रिया

सर्व मिळून साधारण दीड ते अडीच तास लागतात, आणि त्यातील सुईचा वेळ निम्म्याहूनही कमी असतो. आधी आजारांची व औषधांची माहिती आणि संमतिपत्र भरून घेतले जाते. ते वाचल्याशिवाय सही करू नये आणि ॲलर्जी लपवू नये. त्यानंतर मेकअप नसलेल्या डोळ्यांचे फोटो काढतात.

मग आखणी होते, आणि इथे घाई करू देऊ नये. आखणी बसलेल्या स्थितीत, डोळे उघडे ठेवून आणि मिटून, अशी दोन्ही प्रकारे तपासावी लागते, कारण आडवे झाल्यावर पापणीची त्वचा वेगळ्या दिशेने ओघळते. हातात आरसा घेऊन समोर सरळ पाहावे, मग जरा खाली पाहावे. कोणाचेही दोन डोळे हुबेहूब सारखे नसतात. एक पापणी किंचित जड असली, तर रेघेची जाडी थोडी कमीजास्त करून समतोल साधतात. तुम्हाला रेघ जाड वाटत असेल, तर याच वेळी सांगावे. 'बरे झाल्यावर सौम्य दिसेल' हे रंगाच्या गडदपणाबाबत खरे असते, आखणीच्या जाडीबाबत त्यावर विसंबू नये.

आखणी पक्की झाली, की भुलीचे क्रीम लावून साधारण वीस मिनिटे ते अर्धा तास थांबतात. नंतर डोळे मिटून आडवे व्हायचे. आर्टिस्ट दोन बोटांनी पापणी ताणून धरतो आणि तिसऱ्या बाजूने सुईचा हात टेकवतो. त्वचा अशी तिन्ही बाजूंनी ताणलेली नसेल, तर सुई उसळते आणि रेघ तुटक येते. मशीनची गुणगुण कपाळाच्या हाडातून ऐकू येते, आणि खरे तर वेदनेपेक्षा ती गुणगुण आणि पापणीवरची थरथर याच गोष्टींची नवख्यांना जास्त धास्ती वाटते. टोचल्यासारखे, ओरखडल्यासारखे जाणवते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे ते अधिक बोचते. डोळ्यांतून पाणी येणे स्वाभाविक आहे. एकाच जागेवरून दोनतीन हलके हात फिरवले जातात. त्याहून जास्त वेळा घासले, तर त्वचा सोलवटते आणि रंग उलट कमी टिकतो.

काम चालू असताना डोळा उघडायचा नाही, मान हलवायची नाही. शिंक किंवा खोकला येणार असेल, तर आधी हाताने खूण करायची, आणि ती खूण काय असेल हे सुरुवातीलाच ठरवून घ्यायचे. डोळ्याच्या आत आग झाल्यास लाजेने सहन करत पडून राहू नये. लगेच सांगावे आणि निर्जंतुक सलाइनने डोळा भरपूर धुवून घ्यावा.

पहिले दोन आठवडे

काम संपल्यावर रेघ अपेक्षेपेक्षा काळीकुट्ट आणि जाड दिसते, पापणी लालसर असते. सूज सर्वांत जास्त दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. रात्रभर रडल्यावर दिसावेत तसे डोळे त्या दिवशी दिसतात, म्हणून तो दिवस रजेचाच ठेवावा. पहिल्या दिवशी स्वच्छ कापडात गुंडाळलेला थंड पॅक थोडा थोडा वेळ ठेवावा. बर्फ थेट लावू नये. झोपताना डोके उशीने थोडे उंच ठेवावे.

तिसऱ्या दिवसापासून आठवडाभरात बारीक खपल्या सुटू लागतात. पापणीच्या केसांत काळे कण अडकलेले दिसतात, खाज येते आणि ते कण नखाने काढण्याचा मोह होतो. काढू नये: खपलीबरोबर रंगही उचलला जातो आणि रेघेत पांढरी खिंड पडते. खपल्या पडल्यावर रेघ अचानक फिकट, जवळजवळ निम्मी झालेली दिसते. काम फुकट गेले असे वाटून अनेकजण याच टप्प्यावर आर्टिस्टला फोन करतात. वर आलेली नवी त्वचा हळूहळू पारदर्शक होते आणि चार ते सहा आठवड्यांत खरा रंग दिसतो.

चेहरा धुताना पापणीवर पाण्याचा मारा करू नये. दिवसातून एकदोनदा निर्जंतुक सलाइनने ओला केलेला कापूस हलकेच टेकवून पुसावे. मलम सांगितले असेल तेवढेच, तांदळाच्या दाण्याएवढे, स्वच्छ बोटाने लावावे. जास्त लावल्यास ते डोळ्यात उतरते आणि दिसणे अंधुक होते. पोहणे, वाफ घेणे, घाम काढणारा व्यायाम आणि डोळ्यांचा मेकअप दहा दिवस बंद ठेवावा. उन्हात गॉगल वापरावा. कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवसांनी, सूज पूर्ण उतरल्यावर आणि आर्टिस्ट किंवा नेत्रतज्ज्ञांना विचारूनच घालाव्यात. जुना मस्कारा फेकून द्यावा आणि नवा घ्यावा, कारण जुन्या ब्रशवर जंतू असतात.

वेदना किंवा सूज दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, पिवळसर स्राव येत असेल, उजेड सहन होत नसेल, डोळ्यात सतत काही खुपत असेल किंवा नजर धूसर झाली असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ही लक्षणे आर्टिस्टला मेसेजवर फोटो पाठवून निस्तरण्याची नाहीत. कॉर्नियावरचा ओरखडा वेळेत उपचार केल्यास सहसा लवकर भरून येतो. दुर्लक्ष केल्यास त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

टच-अप आणि पुढची वर्षे

सहा ते आठ आठवड्यांनी टच-अपची भेट असते. तिचा खर्च मूळ रकमेत धरलेला आहे का, हे आधीच ठरवावे. राहिलेल्या खिंडी भरणे आणि हवे असल्यास रेघ केसभर वाढवणे एवढेच या भेटीत करावे. पुढे एकदोन वर्षांनी रंग फिका झाला, तर पुन्हा भरता येतो. पण फिका झालाच नसेल, तर ठरलेले वर्ष उलटले म्हणून भरू नये, कारण थरावर थर चढला की रेघ जड आणि राखाडी होते. वापरलेल्या रंगाचे नाव, निर्माता आणि बॅच क्रमांक लिहून घेऊन जपून ठेवावा. पुढे ॲलर्जी झाली किंवा लेसरने रंग काढण्याची वेळ आली, तर डॉक्टर हीच माहिती आधी विचारतात.

एमआरआय करायची वेळ आली, तर पापणीवर रंग भरलेला आहे, हे तंत्रज्ञाला आधी सांगावे. लोहयुक्त रंगामुळे त्या जागी सूज किंवा जळजळ झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळ आहेत आणि त्रास बहुधा तात्पुरता असतो. त्या भीतीने आवश्यक तपासणी टाळू नये. रक्तदान करणाऱ्यांनी गोंदणानंतर किती काळ थांबायचे, हे आपल्या रक्तपेढीला विचारावे.

रेघ नकोशी झाली, तर ती काढण्याचे मार्ग आहेत, मात्र ते भरण्यापेक्षा कठीण, वेळखाऊ आणि महाग आहेत. अगदी ताज्या, फिक्या चुकीवर काहीजण मिठाचे द्रावण टोचून रंग बाहेर ओढण्याची पद्धत वापरतात. पापणीवर तिच्यामुळे वण राहण्याची जोखीम असते. लेसरने कार्बनचे रंग बऱ्यापैकी फुटतात, पण लोहाचे ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग लेसरखाली आणखी काळा पडू शकतो, म्हणून आधी एखाद्या छोट्या ठिपक्यावर चाचणी घेतात. पापणीचे केसही लेसरने पांढरे पडू किंवा गळू शकतात. हे काम पापणीवरील लेसरचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा नेत्रशल्यचिकित्सकांकडेच करावे. लेसर चालवताना पापणीच्या आत, थेट बुबुळावर, धातूचे संरक्षक कवच बसवावे लागते. बाहेरून लावायचा गॉगल किंवा डोळ्यांवर ठेवलेली पट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही. असे कवच जिथे नाही, तिथे पापणीवर लेसर मारून घेऊ नये.